पेसाहात भात मिळेल का?

बिन्यामिन पेझारकरांनी ती घोषणा चार लोकांत केली नसती, तर गोष्ट घरातल्या घरात मिटली असती. पण शनिवारची प्रार्थना आटोपल्यावर ठाण्याच्या सिनेगॉगच्या आवारात मंडळी सावलीला रेंगाळतात, एकमेकांचे गुडघे, रक्तदाब आणि इस्रायलला गेलेली मुलं यांची चौकशी करतात, आणि अशा वेळी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला आपणही काहीतरी सांगावं असं वाटतंच.

"यंदा पेसाहला आमची सिपोरा एक चमचासुद्धा घासणार नाही," पेझारकर म्हणाले. "आम्ही अबुधाबीला, रोनितकडे. आणि जेवण बाहेर. कोशेर रेस्टॉरंटांत. दुबईत आता सगळं मिळतं."

मंडळींनी कौतुकाने सिपोराबाईंकडे पाहिलं. सिपोराबाई म्हणाल्या, "बघू."

कोशेर म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसणारं अन्न, आणि पेसाह म्हणजे मराठी बायबलात ज्याला वल्हांडण म्हटलंय तो सण. इजिप्तच्या गुलामगिरीतून पळताना पूर्वजांना कणीक फुगू द्यायलाही सवड मिळाली नाही, म्हणून सणाचे आठ दिवस घरात खमिराचं काही चालत नाही. पाव नाही, बिस्कीट नाही, साधी पोळीसुद्धा नाही. नुसतं खायचं नाही एवढ्यावर भागत नाही. त्याचा कणही घरात राहता कामा नये. म्हणून आधीचे पंधरा दिवस डबे, फळ्या, फ्रिजची रबरं, सोफ्याच्या फटी, सगळं घासायचं आणि माळ्यावरून सणाची वेगळी भांडी उतरवायची. इजिप्तमधून सुटका झाली ती पुरुषांची, बायकांची अजून व्हायची आहे, असं सिपोराबाई दरवर्षी स्टुलावर उभ्या राहून म्हणत. पण यंदा हिवाळ्यात त्यांचा गुडघा बदलला होता आणि डॉक्टरांनी स्टुलाचं नाव काढायचं नाही असं बजावलं होतं. तेव्हा पेझारकरांची घोषणा ही तशी प्रेमापोटीच होती. फक्त त्यांनी ती करण्याआधी कुठे फोन केला नव्हता. ज्याने तीस वर्षं दुसऱ्यांचे फोन जोडून दिले, त्याने हे करावं याचं रोनितला फार नवल वाटलं.

रोनित, म्हणजे त्यांची लेक, अबुधाबीच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. जावई विघ्नेश तेलकंपनीत इंजिनिअर. जात वेगळी, धर्म वेगळा, पण स्वभाव असा की सासऱ्यांनी काहीही म्हटलं तरी "हो पप्पा" म्हणून गाडीची किल्ली शोधायला लागायचा. अल रीम आयलंडवर एकतिसाव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. स्वयंपाकघरात पाव, नूडल्स, खारी आणि नोआचे, म्हणजे आठ वर्षांच्या नातीचे, तऱ्हेतऱ्हेचे सीरियलचे खोके.

"मी सुट्टी काढून किचन साफ करते ना, पप्पा," रोनित म्हणाली.

"मुळीच नाही. तुझी ड्युटी असते. जेवण बाहेर, ठरलंय ना?"

पहिल्या रात्रीचा विधी कागदी प्लेटांमध्ये झाला. ठाण्याहून आणलेला मत्झा, म्हणजे बिनखमिराची भाकरी, उकडलेली अंडी, कडू पाला, खजूर. पेझारकरांनी हागाद्दा, म्हणजे इजिप्तमधून सुटल्याची पोथी, सुरात वाचला. मत्झा हा पदार्थ चवीला पुठ्ठ्यासारखा आणि आवाजाला पत्र्यासारखा असतो, नोआने एक घास खाल्ला आणि "इज धिस द पॅकिंग?" असं विचारलं. तरीही ती रात्र चांगली गेली. खरं जेवण उद्यापरवापासून दुबईत होणार होतं.

पहिल्या मोहिमेला विघ्नेशने रजा टाकली. अबुधाबीहून दुबई दीड तास. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना वाळू, आणि मागच्या सीटवर नोआ "आर वी देअर?" म्हणत असलेली. पेझारकरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. रेस्टॉरंटचा पत्ता त्यांनी ठाण्याहूनच कागदावर उतरवून आणला होता. तिथे पोहोचले तर काचेच्या दाराला आतून पडदा आणि बाहेरून सुबक अक्षरांतली पाटी. पेझारकरांनी चष्मा लावून ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली.

पाटीवर लिहिलं होतं: पेसाहनिमित्त रेस्टॉरंट बंद. सणाच्या शुभेच्छा.

"पप्पा," विघ्नेश म्हणाला, "म्हणजे गणपतीत मोदकांचं दुकान बंद, असं झालं हे."

पलीकडच्या फार्मसीतल्या केरळी माणसाने समजावून सांगितलं की दरवर्षी असंच असतं. आठ दिवसांसाठी सगळी भट्टी, भांडी, फ्रीज नव्याने शुद्ध करायचे म्हणजे मालकाचं दिवाळं, त्यापेक्षा तो कुलूप लावून गावाला जातो. हे ऐकून सिपोराबाईंच्या चेहऱ्यावर त्या अनोळखी मालकाविषयी मायाच उमटली. घरी परतताना गाडीत सगळ्यांनी केळी खाल्ली.

शेजारी मुश्ताकभाई राहत होते, म्हसळ्याचे. चाळीस वर्षं आखातात, ट्रान्सपोर्टचा धंदा. लिफ्टमध्ये पेझारकरांचं नाव ऐकल्यावर त्यांनी लिफ्टचं दार पायाने अडवून धरलं.

"पेझारकर? पोयनाडजवळचं पेझारी? अहो, म्हणजे तुम्ही आमचे गाववालेच की!"

त्या संध्याकाळी मुश्ताकभाई आणि त्यांच्या बेगम मरियमबी बसायला आले आणि सगळी हकिकत ऐकून दोघांनी सल्ले द्यायला घेतले. मुश्ताकभाईंचं म्हणणं सोपं होतं. "हलाल खा की. हलाल न् कोशेर सख्खे भाऊ."

"भाऊ आहेत," पेझारकर म्हणाले, "पण या आठवड्यात एका ताटात जेवत नाहीत."

"रोज आठ दिवस असंच?" मरियमबींनी विचारलं. "आमच्या रोज्यात निदान मगरिबला तरी खायला मिळतं हो." मग त्या उठल्या, घरी गेल्या आणि एक कोरी करकरीत कढई घेऊन आल्या. बुडाला लेबल तसंच होतं. "ही न वापरलेली हाय. भाभी, तुम्ही काय ते तुमच्या पद्धतीने करा. जागा मी देते, शेगडी मी देते."

सिपोराबाईंनी कढईवरून हात फिरवला. तेवढ्यात पेझारकर म्हणाले, "नाही नाही, मरियमबी. सिपोरा स्वयंपाक करणार नाही. विश्रांतीसाठी आणलंय तिला." कढई परत गेली. सिपोराबाई दारापर्यंत तिच्या मागे गेल्या आणि परत येऊन विश्रांती घ्यायला बसल्या. त्या बसल्या-बसल्या फार थकत चालल्या होत्या, पण हे पेझारकरांच्या लक्षात आलं नाही. त्यांचं सगळं लक्ष त्या वेळी मुश्ताकभाईंच्या पुढच्या सल्ल्याकडे होतं.

"विमानात तुमच्या लोकांचं जेवण असतं ना, सीलबंद? शारजात माझ्या वळखीच्याचं कोल्ड स्टोरेज हाय. त्याच्याकडे असतो तो माल. उद्याच जाऊ. यल्ला!"

शारजाचा औद्योगिक भाग पाहण्यासाठी ठाण्याहून कोणी येत नाही. गॅरेजांमागून गॅरेजं, टायरांचे ढीग, वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि प्रत्येक वळणावर मुश्ताकभाईंचं "बस, हेच. नाही, पुढचं." उन्हात तासभर फिरल्यावर ते गोदाम सापडलं. बाहेर अंग भाजत होतं आणि आत शिरल्याबरोबर दात वाजायला लागले. गोदामवाल्याने एक खोका उघडून पुढे केला. चंदेरी पुड्यांवर हिब्रू अक्षरं होती. ती पाहून पेझारकरांना भरून आलं. वाळवंटात, टायरांच्या मध्ये, आपली अक्षरं! त्यांनी बोटाने एकेक अक्षर लावत वाचायला सुरुवात केली, आणि शेवटच्या शब्दापर्यंत पोहोचेस्तोवर त्यांचा आवाज बारीक झाला.

"काय लिवलंय?" मुश्ताकभाईंनी विचारलं.

"पेसाहसाठी चालणार नाही."

"अहो पण शिक्का तुमचाच ना?"

"शिक्का आमचाच. आत पास्ता आहे."

मुश्ताकभाईंनी पुडी उलटीपालटी करून खोक्यात परत ठेवली. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. परतीच्या वाटेवर शारजा-दुबईच्या त्या प्रसिद्ध ट्रॅफिकमध्ये गाडी मुंगीच्या पावलाने चालली होती आणि त्यांच्या खिशात समोशांची पुडी होती. वासावरून पेझारकरांना कळत होतं. पण त्या भल्या माणसाने ती काढली नाही. पेझारकर उपाशी असताना आपण खायचं कसं, म्हणून तेही उपाशी बसले. पेझारकरांना त्या सज्जनपणाचा जास्तच त्रास झाला.

रोनितने मग ड्युटीवरून आल्यावर, गणवेशही न बदलता, फोन हातात घेतला आणि चौकशा करून एक जागा शोधून काढली. दुबईतल्या एका हॉटेलात पेसाहचं शास्त्रोक्त जेवण मिळत होतं. मात्र नाव-पत्ता आधी कळवायचा, मंजुरी आली की मगच जागा कळणार. पासपोर्टचे फोटो पाठवले. उतरण्याचं ठिकाण पाठवलं. मग विचारणा आली: तुमच्या रब्बींचं, म्हणजे धर्मगुरूंचं, नाव आणि फोन नंबर?

"आपल्याकडे रब्बी कुठे असतात?" पेझारकर म्हणाले. "आपल्याकडे हझ्झान. प्रार्थना चालवणारे. त्यांचा नंबर दे."

हझ्झान सणाच्या दिवसांत फोन उचलत नसत. इतर दिवशीही क्वचितच. दोनदा बेल जाऊन बंद झाल्यावर रोनितने रब्बींच्या जागी वडिलांचंच नाव लिहिलं. पण खरा घाव पुढच्या रकान्यात होता. तुमचा समाज कोणता? खाली तीन पर्याय. युरोपातले ते अश्केनाझी, स्पेन-मोरोक्कोकडचे ते सेफार्दी, आणि तिसरा पर्याय: इतर.

"इतर?" पेझारकर उभे राहिले. "गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलो त्याला दोन हजार वर्षं झाली. तेल गाळलं, शेती केली, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक शनिवार तेली म्हणाले. कोणी सांगायला नव्हतं, पुस्तक नव्हतं, तरी पाळलं. आणि आपण इतर?"

"पप्पा, दुसरं बटण नाहीये."

"तर मग दाबू नकोस."

"न दाबता पुढे जात नाही."

पेझारकर गॅलरीत जाऊन समुद्र बघत उभे राहिले. रोनितने हळूच बटण दाबलं. उत्तर आलं: "इन्शाल्ला, वी विल कन्फर्म." कोशेर जेवणाची मंजुरीसुद्धा इन्शाल्ला म्हणूनच येते हे पाहून विघ्नेशला हसू फुटलं, पण सासऱ्यांची पाठ बघून त्याने ते गिळलं.

मंजुरी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. रोनितची ड्युटी होती, म्हणून बाकीचे चौघे निघाले. माणशी किती दिरहम ते विघ्नेशने वाचलं, मनात त्याचे रुपये केले आणि ते मनातच ठेवले. सिपोराबाईंची साडी कमरेला सैल झाली होती. खजूर आणि अंड्यांवर किती दिवस काढणार? गाडीत त्या एकदाच बोलल्या. "अहो, तिथे भात मिळेल का?"

"का नाही मिळणार? कोशेर आहे."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरात पेसाहला तांदूळ चालतो. नुसता चालत नाही, त्याच्यावरच सण तरतो: भात, तांदळाची भाकरी, घावन. कोकणात राहून दुसरं काय खाणार? पण युरोपातल्या ज्यूंनी तांदळालाही आठ दिवस बंदी घातली आहे. पेझारकरांना हे ऐकून ठाऊक होतं, जसं दुसऱ्याच्या घरातलं भांडण आपल्याला ऐकून ठाऊक असतं.

हॉटेलच्या त्या दालनाला पाटी नव्हती. दारावरच्या माणसाने पासपोर्ट तपासले, पेझारकरांकडे पाहिलं, पासपोर्टकडे पाहिलं, पुन्हा पेझारकरांकडे पाहिलं आणि आत सोडलं. पांढरे टेबलक्लॉथ, मंद दिवे. पेझारकरांनी नॅपकिन मांडीवर पसरला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या खांद्यांवरचा भार उतरला.

आधी सूप आलं. बटाट्याचं. मग सॅलड, उकडलेल्या बटाट्याचं. मग मासा, तो गोड होता आणि बटाट्यावर निजला होता. मग बटाट्याची जाड वडी. नोआने काट्याने सगळं बाजूला सारून पाणी मागितलं. सिपोराबाई माशाकडे बघत बसल्या. गोड मासा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता आणि आता या वयात तो पाहायला लागला याचं दुःख त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं.

पेझारकरांनी वेटरला खूण केली आणि थोडा भात मागितला. वेटर दचकला. तो आत गेला आणि त्याच्याऐवजी एक काळ्या दाढीचा, काळ्या कोटाचा तरुण बाहेर आला. स्वयंपाकघरात नियम मोडत नाहीत ना यावर नजर ठेवणारा तो देखरेख्या होता.

"सर, आज पेसाह आहे," तो इंग्रजीत मऊ आवाजात म्हणाला.

"म्हणूनच मागतोय. आम्ही पेसाहला भात खातो."

"काही लोक खातात, सर. पण इथे योग्य पद्धत पाळली जाते."

योग्य! पेझारकरांचे कान तापले. म्हणजे आईने तीन-तीनदा निवडलेले तांदूळ, आजीने चुलीवर भाजलेल्या भाकऱ्या, सगळे सण अयोग्य? त्यांना बरंच काही बोलायचं होतं, पण ते इंग्रजीत बोलायचं होतं आणि रागात इंग्रजी येत नाही. ते नुसते "नो, नो, यू लिसन" एवढंच म्हणत राहिले.

तेवढ्यात मागच्या टेबलावरून खणखणीत आवाज आला. "मेला बटाटा! सकाळी बटाटा, रात्री बटाटा. अरे, माणसं आहोत का गोणी?"

पेझारकर खुर्चीसकट वळले. फुलाफुलांचा झगा, गळ्यात मंगळसूत्र, पायांत खेळाडूंचे बूट. ऐंशीच्या पुढच्या बाई. शेजारी त्यांचा मुलगा मान खाली घालून बटाटा खात होता.

"तुम्ही मराठी?" पेझारकरांनी विचारलं.

"मग काय चिनी? मिल्काबाई वरसुलकर. रेवदंड्याची. पन्नास वर्षं इस्रायलात अश्दोदला आहे, पण जीभ तिथे नेली नाही मी, इथलीच आहे." आखाताला त्या 'इथलीच' म्हणाल्या, पण कोणाला चूक वाटली नाही. "तुम्ही कुठले?"

"पेझारी."

"म्हणजे माझ्या मावशीच्या नणंदेकडचे. बसा बसा." आणि सिपोराबाईंकडे वळून, आवाज खाली आणत, "भाकरी खाणार? तांदळाची. सकाळी भाजलीय. विजेचा तवा घेऊन फिरते मी. या वयात दुसऱ्याच्या भरवशावर घर सोडायचं नसतं."

त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलाखालून पुढे केला. सिपोराबाईंनी झाकण उघडलं. भाकरीचा, ओल्या खोबऱ्याच्या चटणीचा वास त्या मंद दिव्यांच्या दालनात असा पसरला की चार टेबलांवरच्या माना वर झाल्या. सिपोराबाईंनी एक तुकडा मोडला, चटणीला लावला आणि तोंडात टाकला. त्यांचे डोळे मिटले.

देखरेख्या धावत आला. बाहेरचं अन्न आत आणलं की त्यांचं सर्टिफिकेट जातं, असं तो काकुळतीला येऊन सांगू लागला. मिल्काबाईंनी हिब्रूत उत्तर दिलं. ते बराच वेळ चाललं. त्यात मोशे होता, इजिप्त होतं, अलिबाग होतं आणि बटाटा तर वारंवार होता. पेझारकरांना शब्द कळले नाहीत, पण आपल्याला जे बोलायचं होतं ते सगळं बोललं जातंय हे कळलं. तरुणाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि दोन्ही हात जोडल्यासारखे करून दाराकडे बोट दाखवलं.

अशा रीतीने दोन बेने इस्रायली कुटुंबं, पेसाहच्या दिवसांत, पेसाहचं अन्न खाल्ल्याबद्दल, कोशेर रेस्टॉरंटमधून बाहेर काढली गेली.

दिवेलागणीची वेळ होती. हॉटेलच्या मागच्या पार्किंगमध्ये वारा सुटला होता. विघ्नेशने गाडीच्या काचेला उन्हापासून लावतात ती चंदेरी घडी काढली आणि सिमेंटच्या कट्ट्यावर अंथरली. सिपोराबाईंचा गुडघा सांभाळून त्यांना कडेला बसवलं. मिल्काबाईंच्या पिशवीतून दुसरा डबा निघाला, मग खजुराच्या घट्ट पाकाची बाटली. नोआने भाकरी आधी हुंगली, मग खाल्ली, मग दुसरी मागितली. पेझारकर उभेच होते. बसायला जागा नव्हती म्हणून नव्हे, लाजेने.

"सिपोरा," ते म्हणाले, "तुला विश्रांती द्यायची म्हणून मी…"

"बसा आधी," सिपोराबाई म्हणाल्या. "मला विश्रांती नको होती. सोबत हवी होती. तुम्ही माळ्यावरची पातेली उतरवली असतीत तरी चाललं असतं." आणि त्यांच्या हातात भाकरी ठेवली.

पेझारकर बसले. किती दिवसांनी नीट घास पोटात जात होता. मिल्काबाईंचा मुलगासुद्धा मान वर करून जेवत होता.

मागचं दार करकरलं आणि देखरेख्या बाहेर आला. आता पार्किंगमधूनही उठवणार, असं वाटून विघ्नेश घडी गोळा करायला वाकला. पण तरुण थोडा दूर थांबला. त्याने कोटाची बटणं सोडली. मिल्काबाईंना हिब्रूत काहीतरी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर.

"काय म्हणतोय?" पेझारकरांनी विचारलं.

"पीठ कुठलं, चाळलं कोणी, तवा कोरा आहे ना, विचारतोय. म्हटलं तुझ्या वयाचे माझे नातू आहेत, मला शिकवू नकोस." मिल्काबाईंनी तरुणाकडे नीट पाहिलं. "आई मोरोक्कोची आहे म्हणे. घरी तेही पेसाहला भात खातात. इथे नोकरी आहे, म्हणून बटाटा."

त्यांनी भाकरीवर चटणी घालून घडी केली आणि पुढे धरली. तरुणाने दाराकडे एकदा पाहिलं. मग ओठांतल्या ओठांत प्रार्थना पुटपुटून मोठा घास घेतला. चटणी तिखट होती. त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पेझारकरांनी आपली पाण्याची बाटली त्याला दिली. तो पाणी प्यायला आणि उरलेली भाकरी उभ्याउभ्या, घाईघाईने, एकही कण खाली न पाडता संपवली.

आतून कोणीतरी त्याला हाक मारली. त्याने तोंड पुसलं, दाढी झटकली, कोटाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावली आणि भात आत शिरू नये म्हणून पुन्हा आत गेला.